१९६७ च्या आधीचा कागद

पिरंगुटहून सकाळी सुटणाऱ्या बसमध्ये आमची जागा ठरलेली आहे. ड्रायव्हरच्या मागची दुसरी सीट. ती आम्हाला कुणी लिहून दिलेली नाही. पण तेरा वर्षं रोज त्याच बसने गेल्यावर कंडक्टरही ती आमचीच मानतो. बी.एड. झाल्यापासून आम्ही पुण्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलात सायन्स शिकवतो. जाताना बसमध्ये झोप, येताना बसमध्ये वह्या तपासणं, हा आमचा दिनक्रम.

मुळशी तालुक्यात आपली घरं विखुरलेली. या गावात दोन, त्या गावात पाच, पौडला जरा जास्त. कुणाचं पंक्चरचं दुकान, कुणाचा टेम्पो, कुणी पिरंगुटच्या कंपनीत हेल्पर. मुलं बहुतेक जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जातात, आणि त्यात वाईट काही नाही. चौथीपर्यंत आम्हीही तिथेच शिकलो. पण घरात उर्दूची ओढ असलेल्या चार-सहा मुली पाचवीनंतर पुण्याला येतात. त्या आमच्याच बसला असतात. आयांनी त्यांना आमच्या हवाली केलेलं असतं. "आपा, नजर ठेवा," एवढं म्हणून आया परत फिरतात.

त्या मुलींतल्या एकीची ही गोष्ट आहे. नाव लिहीत नाही. तिच्या अब्बांना ते आवडणार नाही आणि तिला तर मुळीच नाही.

ती आठवीत होती. वर्गात खून की गर्दिश, म्हणजे रक्ताभिसरण, चाललं होतं. मनगटावर बोटं ठेवून नब्ज कशी मोजायची ते आम्ही दाखवलं. सगळ्या वर्गाने आपापली मनगटं धरली. हिने हात वर केला. "आपा, तान्ह्या बाळाची नब्ज इथे नाही बघत. दंडाच्या आतल्या बाजूला बघतात. मनगटावर ती सापडतच नाही." हे पुस्तकात नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही माहीत नव्हतं. "तुला कुणी सांगितलं?" विचारलं तर म्हणाली, "सिस्टरनी."

सिस्टर म्हणजे त्यांच्या गावच्या उपकेंद्राची आरोग्य सेविका. सरकारी भाषेत एएनएम. पौडच्या पुढे, धरणाच्या अंगाला ज्यांनी पावसाळा पाहिला आहे त्यांना सांगायला नको, जुलैत तिथले रस्ते रस्ते राहत नाहीत. सिस्टर एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर पायी जायच्या. खांद्याला लसीचा निळा डबा, पिशवीत कार्डं, वर छत्री. आमची ही विद्यार्थिनी शाळेला सुट्टी असली की त्यांच्यामागे डबा घेऊन फिरायची. कुठल्या घरात बाळ आहे, कुठली बाई माहेरी आली आहे, कुणाचं कार्ड हरवलं आहे, हे तिला तोंडपाठ. सिस्टर तिला वजनकाट्यावरचा आकडा वाचायला लावायच्या, नावं लिहायला लावायच्या. त्याच फिरण्यात तिने कधीतरी बाळाचा दंड धरून नब्ज मोजलेली.

दहावीला असताना तिने बसमध्ये आम्हाला सांगून टाकलं, "आपा, मला नर्स व्हायचंय." आणि लगेच पुढे, "सिस्टर म्हणतात हो, पण माझ्यासारखी होऊ नकोस."

या दुसऱ्या वाक्याचा अर्थ आम्हाला पुढे कळला. सिस्टर कंत्राटी होत्या. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं, त्यातून गावोगाव अशा पुष्कळ जागा भरल्या गेल्या. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग नवी ऑर्डर, मग पुन्हा नवी. काम कायमचं, बाई मात्र तात्पुरती. लसीकरण कायम सेविकेचं असतं तेवढंच, पगार निम्म्यानेही नसतो. सिस्टर म्हणत होत्या ते हेच. नर्स हो, पण नीट शिकून, नीट पदावर जा.

बारावी सायन्सचा निकाल २०२४ च्या मे महिन्यात लागला. मार्क चांगले होते. उर्दूतून दहावी करून इंग्रजीत सायन्स घेणाऱ्या मुलीचे हाल ज्यांना ठाऊक आहेत त्यांना त्या मार्कांची किंमत कळेल. दहावीपर्यंत जी खलिया होती ती अकरावीत एकदम सेल झाली. हयातियात बायॉलॉजी झाली. पहिले तीन महिने मुलगी वहीत एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू शब्द लिहीत होती. ती वही आम्ही मागून घेतली आहे, पुढच्या मुलींसाठी.

निकालानंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. अब्बा तांबोळी. वाडवडील पौडच्या बाजारात पानसुपारी विकायचे, अब्बा टेम्पो चालवतात. अम्मी कंपनीत पॅकिंगला जायच्या. दादी खाटेवर. चहा झाला, खारी झाली, आणि मग विषय निघाला. अम्मींचा पहिला सवाल अपेक्षितच होता. "आपा, रातची ड्युटी असती ना उसमें?"

असते, आम्ही म्हणालो. असतेच.

"और गैर मर्दों का भी करना पडता ना सब?"

पडतं. यावर काय बोलणार? आम्ही खोटं बोललो नाही. दादी मात्र खाटेवरून म्हणाल्या, "तुझी जचगी कुणी केली? मर्दाने केली काय?" सूनबाई गप्प झाल्या. आम्हाला हसू आलं, पण आवरलं. दादींनी एका वाक्यात जे सांगितलं ते आम्हाला अर्ध्या तासाच्या भाषणात जमलं नसतं. आपल्या घरात बाळंतपण आलं की आपल्याला बाईच पाहिजे असते. इंजेक्शन द्यायला बाई पाहिजे, पट्टी बदलायला बाई पाहिजे. पण ती बाई दुसऱ्याच्या घरची पाहिजे. केरळच्या ख्रिश्चन आईबापांनी मुलगी पाठवावी, आदिवासी पाड्यावरच्या आईबापांनी पाठवावी; आपण फक्त पेशंट पाठवणार!

आपल्या जलशांतून हजरत रुफैदा अल-असलमिया यांचं नाव आदराने घेतलं जातं. मदिनेत मस्जिद-ए-नबवीजवळ त्यांचा तंबू होता, खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांची शुश्रूषा तिथे झाली, हे सांगताना वक्त्याचा गळा दाटून येतो. त्याच वक्त्याच्या मुलीला नर्सिंगला घालायचं म्हटलं की मात्र तंबू उठतो. अर्थात एकट्या आपल्याला दोष देण्यात अर्थ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदनातर्फे विधवा मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायचं ठरवलं, तेव्हा पांढरपेशा घरांतूनही हेच सवाल आले होते: रात्र, परपुरुष, विटाळ. आणि त्याही आधी, १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेत होत्या आणि त्यातच १० मार्चला गेल्या. त्यांनी कुठला कोर्स केला नव्हता. पण पुण्यात शुश्रूषेचं नाव निघालं की आम्हाला त्याच आठवतात.

अम्मींचं मन दादींच्या वाक्याने वळलं असं आम्ही लिहिलं तर गोष्ट गोड होईल. खरं तसं नाही. ते वळलं होतं तीन वर्षांपूर्वीच. ७ जून २०२१ ला आमच्या तालुक्यात उरवड्याच्या एका कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार जळून गेले. बहुतेक बायका. सॅनिटायझरचं काम होतं, करोनाचा काळ. अम्मी त्या कारखान्यात नव्हत्या, पण तशाच एका शेडमध्ये तसंच पॅकिंग करत होत्या. गेलेल्यांतल्या काही बायका त्यांच्या ओळखीच्या होत्या. त्यानंतर त्यांनी काम सोडलं. "दिन की ड्युटी थी आपा उनकी," त्या म्हणाल्या, "दिन की." आणि थोड्या वेळाने, "करने दो उसकू."

आता पैशाचा सवाल. इथून आमची खरी परीक्षा सुरू झाली.

वाचकहो, सरकारने नर्सिंगसाठी पैसाच दिला नाही असं म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. देश स्वतंत्र होण्याआधीच भोर समितीने धोक्याची घंटा वाजवली होती. (भोर म्हणजे आपल्या शेजारचा तालुका नव्हे, सर जोसेफ भोर. पण माणूस आपल्याकडचाच, नाशिकला जन्मलेला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेला.) १९४६ च्या त्या अहवालात हिशेब होता: साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७ हजार नर्सेस, म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. २०२३ मध्ये त्याच्या जागी नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा आला. २०१० च्या सुमारास केंद्राने १३२ एएनएम आणि १३७ जीएनएम शाळा काढण्याची योजना आखली. २०२३ च्या अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली, २०१४ नंतर निघालेल्या मेडिकल कॉलेजांच्या आवारातच. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी १,५७० कोटी रुपये मंजूर केले. एका कॉलेजला दहा कोटी. त्यातून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर नर्सेस बाहेर पडतील, असा अंदाज. त्याच वेळी सरकारने मोठ्या अभिमानाने सांगितलं की भारतीय नर्सेस इंग्लंडमध्ये २६ हजार आहेत, आखाती देशांत १२ हजार आहेत.

हे वाचून आम्ही खूश झालो होतो. मक्का-मदिनेच्या देशात आपल्या देशाच्या मुली रोग्यांची खिदमत करतात, कुणाला आनंद होणार नाही! पण पैसा इमारतीला मिळतो तेव्हा तो एका सहीने मिळतो. मुलीला मिळतो तेव्हा किती सह्या लागतात ते आम्ही त्या जुलैत मोजलं.

पूर्वी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणं हे आम्हा उर्दू शाळेच्या मास्तरांचं अर्धं काम असायचं. सच्चर समितीच्या अहवालानंतर अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि आम्ही कॅफेत बसून रात्री अकरापर्यंत फॉर्म भरले. २०२२ मध्ये पहिली ते आठवीची केंद्राची शिष्यवृत्ती बंद झाली. या इयत्तांचं शिक्षण कायद्याने मोफतच आहे, असं कारण दिलं गेलं. व्यावसायिक शिक्षणासाठी मेरिट-कम-मीन्स नावाची योजना होती, तीत वर्षाला २० हजारांपर्यंत फी मिळायची. तिचंही गाडं २०२१-२२ नंतर अडखळलं. राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे, पण ती ठरावीक संख्येलाच मिळते. त्यामुळे ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय निघाला तेव्हा आम्ही तो मोबाईलवर दोनदा वाचला. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शंभर टक्के माफ. उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. सरकारवर दरवर्षी सुमारे ९०६ कोटींचा बोजा पडणार. प्रवेश सरकारी फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा चालणार नाही, अभिमत विद्यापीठं चालणार नाहीत.

आणि तांबोळी इतर मागास वर्गात आहेत! बागवान आहेत, पिंजारी आहेत. मुस्लिम ओबीसी चळवळीने नव्वदच्या दशकात जे पदरात पाडून घेतलं त्याचं मोल आम्हाला त्या दिवशी कळलं. आम्ही बसमधूनच अब्बांना फोन लावला. "भाई, फी माफ होईल. फक्त जातीचा दाखला काढा."

फक्त!

दाखला काढायला काय लागतं ते आमच्या वाचकांतल्या पुष्कळांनी भोगलं असेल. इतर मागास वर्गासाठी महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरलेली आहे. त्या दिवसाच्या आधीचा पुरावा हवा. बापाचा, आजाचा, पणजाचा. पण त्यावर जात लिहिलेली हवी. अब्बांचा शाळेचा दाखला नंतरचा. दादा शाळेत गेलेच नव्हते. शेतजमीन म्हणावी तर घराण्याचं मूळ गाव मुळशीच्या धरणात गेलेलं. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये ज्यासाठी सत्याग्रह केला तेच टाटांचं धरण. दादी म्हणायच्या, "आमचे कागद पाण्यात गेले." आम्हाला ती म्हण वाटायची. त्यांच्याबाबतीत ते अक्षरशः खरं होतं.

मग अब्बांच्या थोरल्या भावाचा दाखला मिळाला, जुन्या शाळेतला, १९६७ च्या आधीचा. आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि कागद हातात घेतला. जात या रकान्यात लिहिलं होतं: मुसलमान.

हा शब्द चुकीचा आहे का? मुळीच नाही. अल्लाहच्या दरबारात तोच एक शब्द पुरेसा आहे. पण तो धर्माच्या रकान्यातला शब्द आहे. जातीच्या रकान्यात तो लिहिला की पुढच्या तीन पिढ्यांच्या हातातून एक कागद निसटतो. कुण्या मास्तरने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी दौतीत बोरू बुडवून घाईघाईने लिहिलेला तो एक शब्द. त्या मास्तरचा आम्हाला राग आला. बसमध्ये राग, स्वयंपाक करताना राग.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत आमचं स्वतःचं जनरल रजिस्टर उघडलं. प्रवेशाच्या नोंदी बरीच वर्षं आमच्याकडे आहेत. अक्षर चांगलं म्हणून हेडमास्तरांनी दिलेलं काम. पानं उलटत गेलो. मुस्लीम. मुस्लीम. मुस्लीम. शेख, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, सगळ्यांच्या पुढे जातीच्या रकान्यात आमच्या सुंदर अक्षरात एकच शब्द. आणि त्या मुलीच्या नावापुढेही तोच. पाचवीच्या प्रवेशाला तिचे अब्बा समोर उभे होते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी तांबोळी सांगितलं असतं. आम्ही विचारलंच नव्हतं. बी.एड.ला आम्हाला पाठाचं टाचण कसं काढायचं ते शिकवलं होतं, फळ्यावर तारीख कुठे लिहायची तेही शिकवलं होतं. या रकान्यात काय लिहायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. पण ही काही सबब नाही.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आम्ही ही गोष्ट अब्बांना सांगावी की नाही? सांगितली. ते म्हणाले, "आपा, तुम्ही लिहिलं नसतं तर मीच मुसलमान लिहा म्हटलं असतं." आमचं ओझं हलकं करायला म्हणाले असतील.

कागद शेवटी कसा मिळाला ते ऐका. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभरचे जुने दप्तरखाने उघडले गेले. वर्षानुवर्षं बांधून पडलेली बासनं सुटली. जन्ममृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं, ज्याला गाव नमुना चौदा म्हणतात, बाहेर आली. बहुतेक मोडीत. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. तांबोळ्यांच्या शेजारचे काका, मराठा, आपल्या घराण्याची नोंद शोधायला मोडी वाचकाला घेऊन बसले होते. एका पानावर कुणबी काही सापडला नाही. पण वाचकाने ओळ मोठ्याने वाचली आणि काकांनी त्याला थांबवलं. सन १९३८. मुलगा जन्मला. बापाचं नाव, आणि जात: तांबोळी. ते बाळ म्हणजे दादा, मुलीचे आजोबा. काकांनी पान नंबर हातावर लिहून घेतला आणि तसेच मोटारसायकलवर तांबोळ्यांच्या दारात आले.

त्यांची स्वतःची नोंद पुढे सापडली की नाही, हे विचारायला आम्ही विसरलो. लाज वाटते.

मोडीचं लिप्यंतर, नक्कल, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. अब्बांचे टेम्पोचे नऊ दिवस बुडाले. आम्ही दोन किरकोळ रजा टाकल्या. प्रांताच्या सहीचा दाखला ऑगस्टच्या अखेरीस हातात आला, तोवर प्रवेशाची एक फेरी होऊन गेली होती. पुढच्या फेरीत बी.एस्सी. नर्सिंगला एका खासगी कॉलेजात जागा मिळाली. जात पडताळणीची पावती जोडली. कॉलेजने सांगितलं, फी आधी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. शासन निर्णयाची प्रत आम्ही पुढे केली. खिडकीतल्या माणसाने ती नीट घडी घालून आमच्या हातात परत दिली. अम्मींनी हातातल्या दोन बांगड्या काढल्या आणि बँकेत तारण ठेवल्या.

त्यातली एक अजून सुटायची आहे. सरकारचा पहिला हप्ता आला, दुसऱ्याची वाट पाहणं चालू आहे. होस्टेल आणि मेस या माफीत बसत नाही. पौडच्या पुढच्या गावातून रोज ये-जा करून वॉर्डची सकाळची ड्युटी गाठता येत नाही, हे कुठल्या निर्णयात लिहायचं राहून गेलं आहे.

आमच्या सिस्टर म्हणायच्या, त्यांच्या वेळी सरकारी नर्सिंग शाळेत मुलीला राहायला जागा, गणवेश आणि हातखर्चाला चार पैसे मिळायचे. म्हणून त्यांच्यासारखी शेतमजुराची मुलगी शिकू शकली. तेवढंच पुन्हा करायला दहा कोटींची इमारत लागत नाही. आणि शिकून बाहेर पडल्यावर काय? मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या, कारण नर्सेसची भरती खासगी एजन्सीमार्फत करायचं घाटत होतं. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनचा संप झाला. तेव्हा आम्ही मास्तर आणि त्या सिस्टर एकाच रस्त्यावर, एकच मिशन जुनी पेन्शन म्हणत चाललो होतो. आमच्या पुढे एक वयस्क परिसेविका होत्या. पायात स्लीपर. रात्रपाळी करून सरळ मोर्चात आल्या होत्या. आमची विद्यार्थिनी चार वर्षं शिकून अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर लागणार असेल तर सरकारने तिची फी भरली ती नेमकी कुणासाठी? तिला शेवटी सौदीचं तिकीट काढावं लागेल. मग सरकारी पत्रकातला १२ हजारांचा आकडा १२ हजार एक होईल आणि धरणाच्या अंगाच्या वाड्यांवर पुन्हा निळा डबा घेऊन कुणीतरी कंत्राटी बाई पायी फिरेल. ती बाई आजही तिथेच आहे म्हणा. ऑर्डर यंदाही नवी झाली.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी फोन करते. पहिल्यांदा मयत पाहिली त्या दिवशी रडली, मग दुआ पढली आणि मग सिनिअरने सांगितल्याप्रमाणे चादर बदलली, असं तिने सांगितलं. डोक्यावर स्कार्फ आहे. त्याच रंगाचा पाहिजे एवढंच म्हणाले. मध्येच इंग्रजी औषधांची नावं इतक्या सहज घेते की आम्हाला दोनदा विचारावं लागतं. अम्मी कॉलेजात भेटायला गेल्या होत्या, रात्रपाळीला तीन मैत्रिणी सोबत असतात हे बघून आल्या. "अच्छा है," एवढंच म्हणाल्या.

यंदा जूनमध्ये पाचवीच्या प्रवेशाला आम्ही रजिस्टर घेऊन बसलो. पहिल्याच टेबलाला एक भाई आले, मुलगी बोटाला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. जातीच्या रकान्यावर पेन थांबलं.

"जात काय लिहू?"

"मुसलमान लिहा आपा."

"ते वरच्या रकान्यात लिहिलंय. जात?"

ते जरा गोंधळले. मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं, मग आमच्याकडे. "ते कशाला?" आवाजात थोडा संशय होता, थोडा अपमान. मागची रांग वाढत होती. आम्ही पेन खाली ठेवलं आणि त्यांना बसायला खुर्ची पुढे केली.